आधी पट्टी सांगा

संगीतातली माझी पहिली कमाई उंदरांमुळे झाली.

गोष्ट १९९३ सालची. पेटीची विशारद नुकतीच पास झालो होतो आणि आता गवयांची बोलावणी येतील अशा समजुतीत घरी बसलो होतो. बोलावणं आलं ते वाद्यदुरुस्तीच्या एका दुकानातून. दुकानाचे मालक अण्णा. त्यांचा कारागीर गावी गेला तो गेलाच आणि इकडे श्रावण लागला होता. गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे पेटीवाल्यांची दिवाळी. वर्षभर माळ्यावर पडलेल्या पेट्या याच महिन्यात खाली येतात, कुणीतरी भाता हलवून बघतं, आतून दम्याच्या पेशंटसारखा आवाज येतो आणि मग घरातलं पोरगं ती सायकलच्या कॅरिअरला बांधून दुकानात आणतं.

पेटी उघडली की आत उंदरांचा संसार. भात्याचं कातडं, सुरांवरच्या झडपांचा लोकरी नमदा, सगळं त्यांनी मऊ मऊ बघून खाल्लेलं. पेट्यांमध्ये मला नाणी सापडली, आकडे-पिना सापडल्या, जपमाळेचे मणी सापडले. एका शाळेच्या पेटीत स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका होती. उंदरांनी प्रमुख पाहुणे खाल्ले होते, अध्यक्ष मात्र शाबूत होते.

पहिले पंधरा दिवस अण्णांनी मला सरस ढवळायला आणि भात्यांना कापड चिकटवायला ठेवलं. सरसाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आई मला जेवायला वेगळं बसवायची. सोळाव्या दिवशी अण्णांनी सूर हातात दिला. हा सूर म्हणजे पितळेची छोटीशी पट्टी, तिला मधोमध चीर आणि त्या चिरेवर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. हवा गेली की ही जीभ थरथरते, तोच आपला सा किंवा रे. जिभेखाली दाढीचं पातं सरकवायचं, म्हणजे तिला आधार मिळतो, आणि वरून हलक्या हाताने खरवडायचं. मोकळ्या टोकाकडे खरवडलं की स्वर चढतो, रिव्हेटकडे खरवडलं की उतरतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळा हात.

खर्ज (खालच्या सप्तकातला) आणि नर (त्याच्या वरचा) असे दोन सूर एकाच वेळी वाजवून अण्णा मला म्हणायचे, "लाटा ऐक." खरंच लाटा यायच्या. दोन स्वर जवळजवळ जुळलेले पण पुरते न जुळलेले असले की मध्ये वांव, वांव, वांव असं काहीतरी हेलकावत राहतं. एक खरवड दिली की हेलकावे सावकाश होतात. आणखी अर्धी खरवड, आणखी सावकाश. मग एका क्षणी पाण्यावरची लाट विरते तसं सगळं सपाट होतं आणि पाठीतून शिरशिरी जाते. माझ्या पाठीतून ती पहिल्यांदा गेली तेव्हा मी आनंदाच्या भरात आणखी एक खरवड दिली आणि जीभ तुटून माझ्या मांडीवर पडली. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी तो तुकडा उचलला, दिव्याखाली धरला आणि म्हणाले, "जर्मन होता."

अण्णांच्या लेखी सुरांनाही कुळ असायचं. जुने जर्मन सूर म्हणजे खानदानी, आता ते घराणं संपलं. पालिताण्याचे सूर म्हणजे संसाराला चांगले. त्याखालचे सूर म्हणजे "आहेत आपले". मी तोडलेल्या जर्मन सुराचे पैसे त्यांनी माझ्या पगारातून कापले नाहीत, पण पुढचे चार महिने दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी माझी ओळख "हा तो, जर्मनवाला" अशीच करून दिली.

संध्याकाळी दुकानातून सुटलो की मी कथकच्या क्लासला लहरा धरायला जायचो. ज्यांना लहरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नाचणारी किंवा तबला वाजवणारा आपली करामत दाखवत असताना पेटीवाल्याने एकच ओळ, तालाच्या एका आवर्तनाएवढी, पुन्हा पुन्हा वाजवत राहायची. त्या ओळीवर समोरचा काय वाटेल ते करतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, परत येतो. पेटीवाल्याने मात्र काहीही करायचं नसतं. त्याने काही केलं तर तो वाईट पेटीवाला. आमच्याकडे चंद्रकंस रागाचा लहरा असायचा, त्रितालात, सोळा मात्रा. बहुतेक क्लासांत हाच असतो, का ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. दीड तासात तो मी किती वेळा वाजवत असेन ते एकदा मोजायला घेतलं होतं आणि दोनशेच्या पुढे मन धजेना.

एकदा दिवसभर अठरा भात्यांना सरस लावून गेलो होतो. मुलींचं ततकार, म्हणजे पायांचं काम, चालू होतं, घुंगरांचा आवाज पत्र्यावरच्या पावसासारखा, आणि मला झोप लागली. डुलकी म्हणत नाही मी, झोप. स्वप्नात मी अण्णांच्या दुकानात होतो आणि एक उंदीर मला पट्टी, म्हणजे सा कुठला धरायचा, ते विचारत होता. जाग आली तेव्हा उजवा हात चंद्रकंस वाजवतच होता, डावा भाता हलवत होता आणि मुली दुसऱ्याच तुकड्यावर पोचल्या होत्या. क्लास संपल्यावर ताई म्हणाल्या, "आज लय छान स्थिर होती हं." पुढे कित्येक वर्षं कुणी माझ्या लयीचं कौतुक केलं की मला आधी शंका यायची.

शाळेत तासिका तत्त्वावर संगीत शिकवलं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळच्या परिपाठाला पेटी धरायची, हेच खरं काम. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागावेत असा संकेत आहे. शनिवारी अर्धी शाळा असायची, त्या दिवशी आमची मुलं ते चाळिशीतच संपवायची. मी मागून पेटी घेऊन धावत असायचो.

परीक्षांच्या हंगामात, म्हणजे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, केंद्रावर दिवसभर साथीला बसायचो. एका दिवसात तीसेक भूप. भूप रागात म आणि नी नसतो. संध्याकाळी घरी आल्यावर मला बोलण्यातसुद्धा म आणि नी चोरावेसे वाटायचे.

आता मंगलाष्टकांकडे येतो, कारण खरं शिक्षण तिथं झालं.

मंगल कार्यालयातल्या एका मॅनेजरची आणि अण्णांची ओळख होती. घरच्या मंडळींनीच मंगलाष्टकं रचायची आणि घरच्यांनीच म्हणायची, ही हौस तेव्हा जोरात होती. सोबत पेटी असली की ती हौस छापील कार्यक्रमासारखी दिसते. पहिल्याच लग्नाला माझी बिदागी एकशे एक्कावन्न ठरली. पेटी खांद्यावर घेऊन तीन मजले चढलो. कार्यालयाच्या लिफ्टमध्ये आईसक्रीमचे डबे होते.

नवरीची मावशी मुख्य गायिका. नऊवारी, नथ, हातात घडी घातलेला फुलस्केप कागद. मी नम्रपणे विचारलं, "मावशी, पट्टी कुठली?"

"तुम्ही द्याल ती," मावशी प्रसन्नपणे म्हणाल्या.

पेटीवाल्याला गायकाकडून मिळू शकणारं हे सगळ्यात भीतिदायक उत्तर आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पांढरी चार दिली, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवरचा सा.

मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. वृत्त मोठं डौलदार आहे, पण मावशींना त्यात नवरीचं अख्खं आजोळ बसवायचं होतं. एका ओळीत मी सत्तावीस अक्षरं मोजली. जादा आठ अक्षरांना जागा करण्यासाठी त्या श्वास वाचवत होत्या आणि श्वास कमी पडला की आवाज वर चढत होता. पहिली ओळ पांढरी चारमध्ये. दुसरीच्या शेवटी काळी तीन. तिसरीला पांढरी पाच. माझी साधी पेटी, पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी स्केलचेंजर नाही, त्यामुळे प्रत्येक ओळीला बोटांचा सगळा नकाशा बदलून मी त्यांच्यामागे जात होतो. निसटलेल्या म्हशीमागे धावतात तसा. अंतरपाट धरलेल्या दोघांपैकी एकाचे हात थरथरायला लागले होते.

चौथ्या ओळीत मावशी जिथे जाऊन थांबल्या, ती जागा पेटीत नाही.

पांढरी पाच आणि काळी चार यांच्या बरोबर मधली फट. त्या तिथे स्थिर, निश्चल, पुढची दोन कडवी तिथून तसूभर हलल्या नाहीत. मी पांढरी पाच दाबली, त्या वर. काळी चार दाबली, त्या खाली. दोन्ही एकदम दाबल्या तर पहिल्या रांगेतलं बाळ रडायला लागलं.

आता एक थोडा इतिहास. हे वाद्य आपलं नाही. १८४२ साली पॅरिसमध्ये दबें नावाच्या गृहस्थाने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी ते मांडी घालून बसणाऱ्यांसाठी बेतलं, हाताचा भाता दिला आणि आपल्याकडे ते असं काही रुजलं की भजन, नाटक, शाळा, कुठलंच घर सुटलं नाही. पण १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. आक्षेप असा की पेटीला मींड येत नाही, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही आणि आपल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक स्वर, तिच्या ठरीव पट्ट्यांमध्ये बसत नाहीत. बंदी तीसेक वर्षं टिकली, १९७१ मध्ये सैल झाली. विशारदच्या तोंडी परीक्षेत मी हे घडाघडा सांगून आलो होतो आणि मनातून बंदी घालणाऱ्यांना शिव्याही दिल्या होत्या. त्या दिवशी मांडवात, मावशी त्या फटीत उभ्या असताना, मला त्यांची बाजू पहिल्यांदा कळली.

मग मी जे केलं ते आजही करतो. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, बोटं हलती ठेवली, दाबली मात्र एकही नाही. डाव्या हाताने भाता जोरात. मांडव खूश. पेटीवाला वाजवताना दिसतोय, मावशी गाताना ऐकू येताहेत, प्रत्येकाला आपापलं मिळालं. मावशींनंतर एक काका उठले, ते खर्जातून अशा ठिकाणी सुरू झाले की मला अण्णांच्या दुकानातल्या फाटक्या भात्यांची आठवण झाली. तिसऱ्या वक्त्या, म्हणजे गायिका, पुढे सरसावणार तोच गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि "तदेव लग्नं सुदिनं तदेव" अशी खणखणीत काळी एकमध्ये उडी घेतली. त्या दिवसातलं सुरात गायलेलं तेवढंच. मी धावत जाऊन त्यांना सा दिला, त्यांनी माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. दोन व्यावसायिकांची ती ओळख होती.

नंतर मावशी जवळ येऊन म्हणाल्या, "छान साथ केलीत. आवाजावर कुठं कुरघोडी नाही."

निघताना गडबडीत कुणीतरी माझ्या खिशात पाकीट कोंबलं. घरी येऊन उघडलं तर वर लिहिलेलं: "चि. सौ. कां.स सप्रेम भेट", खाली कुणा कुटुंबाचं आडनाव, आत पन्नासची नोट आणि पाकिटाला चिकटवलेला रुपया. मला कुणाचा तरी आहेर मिळाला होता. माझं एकशे एक्कावन्नचं पाकीट साहजिकच नवरीकडे गेलं असणार. परत जाऊन मागायची लाज वाटली. नवविवाहित जोडप्याच्या दारात जाऊन काय म्हणणार, की तुमच्या संसारात माझे शंभर रुपये जास्त आलेत?

यानंतर मी दोन वर्षं मंगलाष्टकं केली. पट्टी विचारायची नाही, आधी दोन वाक्यं गप्पा मारायच्या आणि बोलण्याच्या स्वरावरून अंदाज बांधायचा, हे तिथं शिकलो. "प्रवास कसा झाला?" हा माझा ठरलेला प्रश्न होता. लोकांना मी फार माणूसवेडा वाटायचो.

याच काळात माझे हात टीव्हीवर आले. फक्त हात. एका मालिकेत एका बुजुर्ग पेटीवादकाचं पात्र होतं, नट नामवंत, पण पेटीला कधी हात लावलेला नाही. जवळून दाखवायचे हात माझे. सेटवर पोचलो तर पेटी उलटी मांडलेली, पट्ट्या कॅमेऱ्याकडे आणि भाता वादकाकडे. मी म्हटलं, हे उलटं आहे. कलाविभागातला मुलगा म्हणाला, "सर, पण मग पट्ट्या दिसणार कशा?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. वर ती पेटी मुकी होती, आत कापड कोंबलेलं, आवाज नंतर वेगळा भरणार. तेव्हा मी उलट्या बाजूने, ओणवा होऊन, न वाजणारी पेटी वाजवत होतो आणि दिग्दर्शक म्हणत होते, "हात फार शांत आहेत हो. जरा व्याकूळ करा."

नटाच्या बोटात माणकाची मोठी अंगठी होती. मेळ बसावा म्हणून ती माझ्या बोटात चढवली. माझं बोट एव्हाना दीड वर्ष सरस आणि ब्लेड यांच्या सहवासात जाडजूड झालेलं. काम चार सेकंदांचं झालं, अंगठी निघायला पाऊण तास लागला. आधी साबण, मग तेल, मग दोरा गुंडाळून. शेवटी नट स्वतः येऊन माझा हात धरून बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी व्याकुळता होती ती कॅमेऱ्यात यायला हवी होती. भाग लागला त्या रात्री शेजारपाजारचे सगळे आमच्या घरी. माझे हात आले, गेले. आई म्हणाली, "नखं कापायची होतीस."

आणि ते पुस्तक. एका क्लासचालकांना परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी बंदिशींची वही छापायची होती, स्वरलेखन माझ्याकडून करून हवं होतं. भातखंडे पद्धतीत खालच्या सप्तकातल्या स्वराच्या खाली टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. दोन महिने रात्री बसून मी सत्तर बंदिशी सुवाच्य अक्षरात लिहिल्या. डीटीपी करणारा मुलगा अतिशय कष्टाळू होता. प्रुफं आली तर मंद्र सप्तक गायब. सगळं मध्य सप्तकात. त्याला विचारलं. "सर, कागदावर खाली बारीक बारीक डाग होते ते सगळे काढले," तो अभिमानाने म्हणाला. आणि कोमल स्वर? "तुम्ही जवळजवळ प्रत्येक अक्षराखाली रेघ मारली होती. मी फक्त महत्त्वाच्या ठेवल्या."

महत्त्वाच्या म्हणजे शीर्षकांखालच्या. कोमल स्वरांच्या भैरवीचा पुरता बिलावल, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचा राग, झाला होता. दुरुस्तीला आणखी महिना गेला आणि त्याचे वेगळे पैसे मागितले तेव्हा क्लासचालक म्हणाले, "तुमच्या अक्षरामुळेच झालं ना ते?"

साथीची खरी बोलावणी हळूहळू येत गेली. कधी कुणाचा पेटीवाला आजारी पडला, कधी कुणाची गाडी चुकली. मुंबईत पेटी म्हणजे लाख रुपये, असं मला एका तबलजीने सांगितलं होतं आणि आपल्याकडे पेटी असूनही आपली अशी अवस्था का, यावर आम्ही एका स्टेशनवर बराच वेळ हसलो होतो. आज माझं पोट साथीवर चालतं. अण्णा गेले. त्यांचं दुकान आता मोबाईलची कव्हरं विकतं. सूर अजूनही मी स्वतःच लावतो आणि मांडीवर आधी रुमाल अंथरतो.

मागच्या महिन्यात एक फोन आला. बाई म्हणाल्या, "तुम्ही मला ओळखणार नाही. माझ्या लग्नात मंगलाष्टकांना पेटीवर तुम्ही होतात. आता माझ्या मुलीचं लग्न आहे."

मी कार्यालय विचारलं, मजला विचारला, लिफ्ट विचारली. मग जरा घाबरतच विचारलं, "मावशी...?"

"आहे ना! ऐंशीच्या पुढं आहे, पण म्हणणार म्हणते. या वेळी दोन कडवी जास्त लिहिलीत." मग त्या थोड्या घुटमळल्या. "आणखी एक होतं. परवा याद्या करायला म्हणून माझ्या लग्नातली आहेराची वही काढली. त्यात लिहिलंय, पेटीवाले, एकशे एक्कावन्न. मावशी म्हणाली, बघ, किती मोठ्या मनाचा माणूस, स्वतःची बिदागीसुद्धा न घेता उलट आहेर करून गेला, आणि आपण इतक्या वर्षांत फेडला नाही. तर आम्ही तुमच्यासाठी शर्टपीस घेणार आहोत. रंग कुठला आवडतो?"

तोंडापर्यंत सगळं आलं होतं. ते चुकलेलं पाकीट, ते पन्नास अधिक एक, सगळं.

"तुम्ही द्याल तो," मी म्हटलं.